परमवीर मेजर परमेश्वरन आणि आपण
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



 

समितीने आम्हाला सांगितले की वर्धापनदिनाला एखाद्या थोर पुरुषाच्या जीवनावर बोला. आम्ही सैन्यातल्या एका अधिकाऱ्याचे नाव दिले. ते ऐकून आपल्याच विहारातल्या एका वयस्कर उपासिकेने आम्हाला सरळ विचारले, "सर, इथं आम्ही पाणातिपाताचं शील घेतो, आन् लगेच बंदूकवाल्याची गोष्ट ऐकायची का?" बाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला बगल देऊन आम्ही बोलणार नाही. शिवाय आपण ज्या गावात राहतो, त्या गावात प्रश्नाला घाबरून चालत नाही. बाबासाहेबांनी इथे १९५० साली कॉलेज काढले आणि त्याला नाव दिले मिलिंद. परिसराला नाव दिले नागसेनवन. मिलिंद हा राजा होता, फौजेचा धनी होता, आणि त्याची कीर्ती मात्र राहिली ती भन्ते नागसेनांना त्याने विचारलेल्या प्रश्नांमुळे. तेव्हा त्या उपासिकेचा प्रश्न आपण पदरात बांधून ठेवू आणि शेवटी सोडवून बघू.

आज ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांचे नाव मेजर रामस्वामी परमेश्वरन. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत हा सन्मान मिळालेले ते एकटेच. महार रेजिमेंटच्या आजवरच्या इतिहासातलेही परमवीर चक्र हे एकच.

आता कोणी म्हणेल, परमेश्वरन हे तामिळ नाव, त्यांचा आपल्याशी काय संबंध? संबंध समजण्यासाठी आधी ती पलटण समजली पाहिजे. म्हणून थोडे मागे जाऊ.

१ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, तेही आपण दरवर्षी सांगतो. पण मधल्या काळात काय झाले हे आपण कमी सांगतो. ज्या सैन्यात आपल्या आज्या-पणज्यांनी रक्त सांडले, त्याच सैन्याने १८९२ च्या सुमाराला आपल्या लोकांची भरती बंद केली. कारण काय दिले? तर हे लोक लढाऊ जातीचे नाहीत! स्तंभावर नावे कोरलेली, आणि नातवाला दारात उभे करायला तयार नाहीत. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले, विनवण्या केल्या. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा सरकारला माणसे कमी पडू लागली, म्हणून १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली. गरज सरली की वैद्य मरो, तसला हा व्यवहार.

बाबासाहेबांना या गोष्टीची बोच घरातूनच होती. त्यांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवीत होते. त्या शाळेचा दिवा घरात लागला म्हणून भिवाच्या हातात पुस्तक आले. फौजेची नोकरी म्हणजे आपल्या माणसाला नुसता पगार नव्हता. अंगावर वर्दी, हाताला अक्षर आणि म्हातारपणी पेन्शन, या तिन्ही गोष्टी गावात मिळत नव्हत्या. पण रामजी सुभेदारांच्या वेळी कितीही कर्तबगारी केली तरी हिंदी माणसाची शेवटची पायरी सुभेदार, फार तर सुभेदार मेजर. त्याच्या वर गोरा साहेब. हुकूम ऐकायचा तो आपण, हुकूम द्यायचा तो दुसऱ्याने. हे लक्षात ठेवा, पुढे याच्याशी काम आहे.

१९४१ साली बाबासाहेब सरकारच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर गेले आणि त्यांनी ही मागणी लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. बंद केलेले दार उघडले. स्वातंत्र्यानंतर या रेजिमेंटने सगळ्या प्रांतांतल्या, सगळ्या जातीधर्मांच्या जवानांना आपल्यात घेतले. आज मध्य प्रदेशातल्या सागर गावी तिचे केंद्र आहे. तिथे मराठी, पंजाबी, बंगाली, उडिया पोरं एका पंगतीत जेवतात. आम्हाला यात मोठी गंमत वाटते. ज्यांना कोणी पंगतीला बसू देत नव्हते, त्यांच्या नावाच्या पलटणीने सर्वांसाठी पंगत मांडली. याच रेजिमेंटचे दोन अधिकारी, जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी, पुढे देशाचे लष्करप्रमुख झाले. ज्या नोव्हेंबरात मेजर परमेश्वरन पडले, त्या वेळी लष्करप्रमुख सुंदरजीच होते.

आता मेजरसाहेबांच्या जीवनाकडे येऊ.

त्यांचा जन्म १३ सप्टेंबर १९४६ चा, मुंबईचा. घर तामिळ, गाव मुंबई. शाळा आणि कॉलेज एसआयईएस संस्थेचे. १९६८ साली ते विज्ञानाचे पदवीधर झाले. इथे आमच्या तरुण मित्रांनी जरा कान द्यावा. आपल्याकडे एक समजूत आहे की लष्करात अधिकारी व्हायचे तर बारावीनंतर एनडीए, आणि ती गाडी चुकली की संपले. परमेश्वरन एनडीएचे नव्हते. तुमच्या-आमच्यासारखे बी.एस्सी. झाले, आणि पदवीनंतर तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये दाखल झाले. आज तिलाच ओटीए म्हणतात. १६ जून १९७२ रोजी खांद्यावर पहिला तारा लागला आणि ते १५ महारमध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून रुजू झाले. सुरुवातीला नोकरी मुदतीची होती, पुढे ती कायम झाली. म्हणजे उशिराने आलेला, साध्या कॉलेजातला मुलगा.

पंधरा वर्षे त्यांनी पायदळात काढली. मिझोराम, त्रिपुरा अशा जंगली मुलखात बंडखोरांच्या विरोधातल्या मोहिमा केल्या. जवान त्यांना प्रेमाने 'पॅरीसाहेब' म्हणत. साहेबाला जवानांनी आपण होऊन टोपणनाव दिले, यातच सगळे आले.

पायदळातला अधिकारी म्हणजे काय, हे आपल्या माता-भगिनींना सांगितले पाहिजे. सिनेमात दिसतो तसा तो गाडीतून उतरून सलाम घेणारा नसतो. पायदळात दहाएक जवानांचे सेक्शन, तीन सेक्शनांची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. कंपनीत शंभरावर माणसे, आणि त्यांचा प्रमुख साधारणपणे मेजर. या शंभर जणांचा दाणा-पाणी, रजा, घरची चिठ्ठी, कोणाच्या आईचे आजारपण, कोणाचे जमिनीचे भांडण, सगळे त्याच्या टेबलावर येते. आणि गोळी सुटली की तो मागे राहून 'जा' म्हणू शकत नाही. 'चला' म्हणावे लागते. 'जा' आणि 'चला' यांत जो फरक, तोच या हुद्द्याचा अर्थ.

आता श्रीलंका. हा विषय आपल्याला नाजूक आहे आणि आम्ही तो लपवणार नाही. श्रीलंका म्हणजे सम्राट अशोकाच्या मुलांनी, महेंद्र आणि संघमित्रेने, जिथे धम्म नेला ते बेट. संघमित्रेने बोधिवृक्षाची फांदी नेली ती तिथेच. बाबासाहेब १९५० साली बौद्धांच्या जागतिक परिषदेला गेले तेही कोलंबोलाच. तो देश बौद्ध आहे याचा आपल्याला अभिमान असतो. पण त्याच देशात तामिळ अल्पसंख्याकांना न्याय मिळाला नाही, १९८३ च्या जुलैत त्यांच्यावर भयंकर हल्ले झाले, हेही खरे आहे. बहुसंख्य कोणत्याही धर्माचे असोत, अल्पसंख्याकांना चिरडणे हा अधम्मच. आपण स्वतः ते सोसले आहे. नामांतराच्या लढ्यात याच मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. तेव्हा दुसऱ्याच्या जळत्या घराकडे आपण पाठ फिरवू शकत नाही. दुसऱ्या बाजूला, न्यायाच्या नावाने उभ्या राहिलेल्या वाघांनी, म्हणजे एलटीटीईने, शस्त्र हाती घेतल्यावर आपल्याच तामिळ बांधवांचेही बळी घेतले.

२९ जुलै १९८७ रोजी भारत आणि श्रीलंकेत करार झाला आणि शांतता राखण्यासाठी भारतीय फौज तिथे गेली. सुरुवातीलाच जाफन्यात उतरलेल्या पलटणींत ८ महार होती, आणि तिच्यात मेजर परमेश्वरन होते. ऑक्टोबरपर्यंत सगळेच बिघडले. ज्यांच्याकडून शस्त्रे खाली ठेवून घ्यायची, त्यांच्याशीच लढाई जुंपली. विचार करा, या माणसावर काय वेळ आली असेल. समोरचे शत्रू जी भाषा बोलत होते, ती त्यांच्या आईची भाषा. शांततेसाठी म्हणून धाडलेला माणूस, आणि रोज अंत्यसंस्कार.

२४ नोव्हेंबरला बातमी आली की जाफना भागात कांतारोडाई गावातल्या एका घरात शस्त्रांचा साठा उतरला आहे. मेजर आपली तुकडी घेऊन रात्रीच निघाले. घराला वेढा घातला, झडती घेतली, हाती काही लागले नाही. परत फिरले, आणि परतीच्या वाटेवर अंधारात दबा धरून बसलेल्यांनी त्यांच्यावर गोळीबार सुरू केला. तुकडी कात्रीत सापडली. अशा वेळी पहिला विचार आडोसा शोधण्याचा असतो. मेजरनी डोके शांत ठेवले. मोजके जवान बरोबर घेतले, सरपटत वळसा घातला आणि हल्लेखोरांच्या मागून त्यांच्यावर चाल केली. समोर बघत असलेल्यांना मागून हल्ला येईल हे ध्यानीमनी नव्हते. हातघाई झाली. त्यात एकाने मेजरच्या छातीत गोळी झाडली. गोळी लागलेल्या त्या माणसाने समोरच्याची बंदूक हिसकावून घेतली आणि त्याला तिथेच ठार केले. मग खाली पडले तरी हुकूम देत राहिले. कोणी कुठे जायचे, काय करायचे, हे शेवटच्या श्वासापर्यंत सांगत राहिले. पाच हल्लेखोर मारले गेले, तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती आले, वेढा मोडला, आणि अडकलेल्या तुकडीची वाट मोकळी झाली. मेजर मात्र परत आले नाहीत. वय एकेचाळीस.

सरकारच्या मानपत्रात हा प्रसंग चार-सहा ओळींत दिलेला आहे. आम्ही तो पुन्हा पुन्हा वाचतो तेव्हा आमचे लक्ष त्या बंदूक हिसकावण्यापाशी थांबत नाही. ते थांबते त्यापुढच्या क्षणापाशी. छातीत गोळी आहे, आपण जगत नाही हे कळले आहे, आणि तरी डोक्यात विचार आपल्या माणसांचा आहे. जातीने, भाषेने, गावाने वेगळ्या असलेल्या पोरांचा.

१९९० च्या मार्चमध्ये शांतिसेना परत आली. अकराशेहून अधिक भारतीय सैनिक तिथे गेले ते परतले नाहीत. ती मोहीम बरोबर होती की चूक, यावर आजही वाद होतो, व्हावाही. पण धोरण ठरवणारे वेगळे असतात आणि त्याची किंमत चुकवणारे वेगळे. कोलंबोजवळ कोट्टे येथे श्रीलंका सरकारनेच या सैनिकांचे स्मारक उभारले आहे. आणि २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातल्या एकवीस बेटांना परमवीर चक्र विजेत्यांची नावे दिली गेली, त्यात एक बेट परमेश्वरन यांच्या नावाचे आहे. देशात आजवर परमवीर चक्र एकवीसच जणांना मिळाले, त्यांतले चौदा मरणोत्तर.

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू.

पहिली गोष्ट. बुद्धाने युद्धाला कधी सोवळे केले नाही. संयुत्त निकायात योधाजीव सुत्त आहे. एक लढवय्या सरदार येऊन विचारतो, आमचे जुने गुरू सांगतात की रणात मेलेला स्वर्गात जातो, तुम्ही काय म्हणता? तथागत दोनदा म्हणाले, हे विचारू नकोस. त्याने तिसऱ्यांदा विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की 'हे मरोत' असे ज्याच्या मनात भरलेले आहे त्याला स्वर्ग नाही. तो सरदार रडला. का रडला? तर जुन्या गुरूंनी आपल्याला इतकी वर्षे फसवले म्हणून. तेव्हा आम्ही मेजर परमेश्वरन यांना इथे उभे राहून स्वर्ग देणार नाही. ते आपल्या धम्मात बसत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणच रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी होणाऱ्या युद्धाला केलेला विरोध हे दिले आहे.

दुसरी गोष्ट. त्याच बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना वैशालीच्या सिंह सेनापतीचा संवाद पुढे ठेवला आहे. सेनापती विचारतो, आपली अहिंसा अन्यायापुढे मान तुकवायला सांगते काय? उत्तराचा मथितार्थ असा की शांततेचे सगळे मार्ग संपल्यावर न्यायासाठी उभा राहणारा दोषी नाही, हिंसेचा दोष युद्ध लादणाऱ्यावर जातो, पण ते युद्ध स्वार्थासाठी असता कामा नये. म्हणजे अहिंसा हे तत्त्व आहे, पळपुटेपणाचे निमित्त नव्हे. या दोन गोष्टी एकमेकींच्या जवळ ठेवल्या की मन अस्वस्थ होते. होऊ द्या. सैनिकाचे गुणगान करताना मन थोडे अस्वस्थ राहिले पाहिजे, नाहीतर आपण नुसते टाळ्या वाजवणारे होऊ.

आणि तिसरी गोष्ट डोळ्यांनी बघण्याची आहे. परमवीर चक्राचे पदक सावित्रीबाई खानोलकर यांनी घडवले. जन्माने युरोपियन, एका मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या बाई. काशाचे गोल पदक, जांभळी फीत, चार बाजूंना चार वज्रे. आणि मधोमध काय? मधोमध राजमुद्रा, सारनाथचे सिंह. जिथे तथागतांनी पहिले प्रवचन दिले तिथल्या अशोकस्तंभाचे सिंह. कलिंगानंतर ज्याने युद्ध टाकले त्या राजाची खूण, देशातल्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या छातीवर आहे. आम्ही त्याचा अर्थ असा घेतो : शूर माणसाला मान द्या, पण ज्या दिवशी असल्या पदकाची गरज उरणार नाही तो दिवस यावा म्हणून झटा. बाई, आम्हाला एवढेच उत्तर सापडले. ते पुरे पडत नसेल तर पुढच्या पौर्णिमेला पुन्हा विचारा.

आता आपल्या स्वतःविषयी दोन शब्द बोलून आम्ही रजा घेतो.

आपल्या गावात भरतीचे दिवस जवळ आले की पहाटे चारला पोरं रस्त्याने धावताना दिसतात. अनवाणी, फाटक्या बुटांत, पण धावतात. त्यांना आमचा सलाम आहे. पण त्यांतल्या बहुतेकांना विचारा, 'काय व्हायचं?' उत्तर येते, 'जवान.' 'अधिकारी का नाही?' तर पोरगं हसतं. त्या हसण्यात रामजी सुभेदारांच्या काळची ती पायरी अजून शिल्लक आहे. कायद्याने ती केव्हाच मोडली, आपल्या मनातली मोडलेली नाही. जवान होण्यात कमीपणा मुळीच नाही, पण २०२२ पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते आणि त्यांतल्या थोड्यांनाच पुढे कायम करतात. म्हणून आता तर वरच्या दाराचाही विचार करायलाच हवा.

आणि ते दार लांब नाही. १९७७ पासून याच शहरात राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दहावीनंतर निवड झालेल्या मुलांची एनडीएची तयारी ती करून घेते. ती गाडी चुकली तर पदवीनंतर सीडीएस परीक्षा आणि ओटीए, परमेश्वरन गेले तोच रस्ता. मुलींसाठी ओटीए १९९२ पासून आणि एनडीए २०२२ पासून उघडी आहे. अडतं कुठे? इंग्रजीत, गणितात आणि मुलाखतीच्या भीतीत. यावर उपाय फार महागडे नाहीत. आपल्या विहाराची मागची खोली संध्याकाळी रिकामी असते. तिथे अभ्यासिका सुरू करा. एक वर्तमानपत्र इंग्रजी घ्या. आपल्यात निवृत्त फौजी आहेत, शिक्षक आहेत, त्यांनी आठवड्याला एक-एक तास द्यावा. पहिला तास आमचा, हे आम्ही सर्वांसमोर कबूल करतो. पुढच्या वर्धापनदिनाला त्या खोलीतून एक जरी लेकरू परीक्षेला बसलेले असले, तरी आजचे भाषण वाया गेले नाही असे आम्ही समजू.

आणि त्या लेकराला एवढेच सांगा. खांद्यावर तारा लागला की तुझ्या हाताखाली सगळ्या जातींची, सगळ्या मुलखांची पोरं येतील. तामिळ घरातल्या एका मुंबईकर माणसाने आपल्या नावाच्या पलटणीतल्या पोरांना जसे आपले मानले, तसे तू त्यांना आपले मान. 'जा' म्हणू नकोस, 'चला' म्हण.

आमचे बोलणे लांबले असेल तर क्षमा असावी. सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!